ओढीच्या पाण्यात, कड्याच्या कडेने

समुद्राच्या प्रवाहात उतरायचं, तो नेईल तिकडे जायचं आणि आपण जिथे वर येऊ तिथे बोटीने आपल्याला घ्यायला यायचं, याला ड्रिफ्ट डाइव्हिंग म्हणतात. बोट नांगर टाकत नाही आणि उतरलो तिथे परत येण्याचा प्रश्नच नसतो. नांगराच्या दोरीने खाली जाऊन त्याच दोरीने वर यायची सवय असलेल्यांना पहिल्यांदा हे फार मोकळं वाटतं, आणि तसं ते आहेच. तरीही पोहण्यात तरबेज माणसं पहिल्या ड्रिफ्टमध्ये दमतात, हवा लवकर संपवतात, गटापासून सुटतात. याचं कारण बहुतेक वेळा एकच असतं: ती प्रवाहाशी झगडत बसतात. आडव्या दिशेचा कारभार समुद्राकडे सोपवायचा आणि खाली-वर होण्याचा आपल्या हातात ठेवायचा, एवढी वाटणी मनाशी पक्की झाली की इतका आरामाचा आणि इतकं काही दाखवणारा डाइव्हिंगचा दुसरा प्रकार नाही.

हे शिकायला माझ्या मते फार चांगली जागा म्हणजे अमेरिकेतल्या फ्लोरिडाचा पाम बीच ते ज्युपिटर हा किनारा. अमेरिकेत नोकरी-शिक्षणासाठी असलेल्या किंवा मुलांकडे जाणाऱ्या मराठी डाइव्हरांना तो सहज जमण्यासारखा आहे. मायामीहून उत्तरेला शंभर-सव्वाशे किलोमीटर, आणि वेस्ट पाम बीचपर्यंत ब्राइटलाइनची रेल्वेही जाते. बहुतेक लोक फ्लोरिडा म्हटलं की थेट दक्षिणेच्या कीज बेटांकडे धावतात. त्यांनी दोन दिवस इथे काढावेत, असं मी आग्रहाने सांगेन.

इथे प्रवाह येतो तो गल्फ स्ट्रीमचा. फ्लोरिडा आणि बहामा बेटांच्या मधल्या चिंचोळ्या पट्ट्यातून सेकंदाला सुमारे ३ कोटी घनमीटर पाणी उत्तरेकडे सरकत असतं. पाम बीचसमोर किनाऱ्यालगतचा उथळ समुद्रतळ अगदी अरुंद आहे, त्यामुळे एरवी खोल समुद्रात राहणारा हा प्रवाह इथे किनाऱ्यापासून काही किलोमीटरवर येतो. १५१३ साली हुआन पोन्से दे लेओन या स्पॅनिश दर्यावर्दीची जहाजं याच किनाऱ्यावर शिडात वारा भरलेला असूनही मागे ढकलली गेली होती. पुढे बेंजामिन फ्रँकलिनने देवमाशांची शिकार करणाऱ्या खलाशांचं ज्ञान गोळा करून या प्रवाहाचा नकाशा छापून घेतला. ज्या पाण्यापुढे शिडाच्या जहाजांचं चाललं नाही, तिथे आपण पायातल्या फिन्सच्या जोरावर काय करणार, एवढं भान ठेवूनच बोटीवर चढावं.

या प्रवाहाला समांतर असे खडकाचे लांबलचक कडे किनाऱ्यालगत पसरलेले आहेत. आठ-दहा हजार वर्षांपूर्वी समुद्राची पातळी आजच्यापेक्षा बरीच खाली होती, तेव्हा किनाऱ्याच्या रेषेत प्रवाळ वाढलं. पाणी वर चढत गेलं, प्रवाळ मागे पडलं आणि त्याचे खडक झाले. पाम बीचसमोरच्या ब्रेकर्स रीफवर या कड्याचा माथा साधारण १४ मीटरवर आणि पायथ्याची वाळू १८ मीटरवर आहे. जुनो आणि ज्युपिटरकडचे कडे अधिक खोल, २० ते २७ मीटरच्या आसपास. कडा आणि प्रवाह एकाच दिशेने जातात, हे इथलं भाग्य. प्रवाह तुम्हाला उघड्या समुद्रात ओढत नाही, कड्याच्या कडेकडेने नेतो.

रंगीबेरंगी टणक प्रवाळांचे मळे पाहायला मिळतील, अशी अपेक्षा मात्र इथे ठेवू नका. ते थोडेच आहेत, आणि २०१४ पासून पसरलेल्या रोगाने त्यांतलेही बरेच गेले. इथलं वैभव कपारींत आहे. प्रवाह दिवसरात्र अन्न आणून टाकतो, त्यामुळे कड्याच्या माथ्यावर पाण्याच्या दिशेला आडवे पंखे धरून बसलेले सी फॅन, माणूस आत मावेल एवढे रांजणासारखे स्पंज आणि कड्याच्या आडोशाला पिवळ्या पट्ट्यांच्या ग्रंट माशांचे थवे दिसतात. कपारींमध्ये शेवंड मिशा बाहेर काढून बसलेले असतात. नर्स शार्क पोटावर पडून विश्रांती घेत असतात, हिरव्या मोरे ईलचं तोंड उघडझाप करत असतं. वरून मधूनच ठिपक्यांचं मोठं पाकट पंख हलवत जातं.

आता कोणी जावं ते सांगतो. मालवणला किंवा गोव्याला गाइडने हात धरून दहा मिनिटं खाली नेलं असेल, तर तो अनुभव सुंदर आहे, पण ते प्रशिक्षण नव्हे. ओपन वॉटरचं प्रमाणपत्र असेल तर १८ मीटरची मर्यादा पाळून ब्रेकर्ससारख्या उथळ कड्यांवर जाता येतं. ज्युपिटरसाठी ॲडव्हान्स्ड हवं. तारकर्लीला, नेत्राणीला, अंदमानात, कुठेही मान्यताप्राप्त संस्थेकडून घेतलेलं कार्ड तिथे चालतं. मात्र शेवटची डाइव्ह कधी केली, हे बोटवाले विचारतात, आणि वर्ष उलटून गेलं असेल तर उजळणी करायला लावतात. ती टाळू नका. जमलं तर नायट्रॉक्सचा, म्हणजे ऑक्सिजन जास्त असलेल्या हवेचा, कोर्सही करून घ्या. २५ मीटरवर साध्या हवेवर थांबण्याची मुभा अर्ध्या तासाच्या आत संपते. ३२ टक्के नायट्रॉक्सवर ती बरीच वाढते आणि ३३ मीटरची त्याची मर्यादा या कड्यांना पुरून उरते. इथल्या डाइव्हमध्ये हात-पाय फारसे हलवावे लागत नसल्याने हवा टिकते, वेळ आधी संपतो.

कार्डापेक्षाही मला महत्त्वाची वाटते ती बॉयन्सी, म्हणजे तरंगण्या-बुडण्यावरचा ताबा. टाकीत हवा भरपूर असताना आणि शेवटी ५० बार उरलेली असताना, दोन्ही वेळी पाच मीटरवर हात न हलवता स्थिर राहता येतं का? येत नसेल तर आधी ते जमवा. प्रवाहात हात मारून तोल सावरणारा माणूस कधी वर उडतो, कधी खडकावर आदळतो आणि दोन्ही वेळी गटापासून लांब जातो. जादा वजन पट्ट्यावर बांधून हा दोष झाकणाऱ्यांची संख्या मोठी आहे. वजन नेमकं घ्या. उन्हाळ्यात ३ मिलिमीटरचा वेटसूट पुरतो, हिवाळ्यात ५ मिलिमीटरचा लागतो आणि त्याबरोबर वजनही बदलतं. भर उन्हाळ्यात कधीकधी खोलातलं थंड पाणी तळाशी वर सरकतं आणि हुडहुडी भरते, तेव्हा डोक्यावर हूड असलेलं बरं.

सामानात एक वस्तू कोणाकडूनही उसनी घ्यायची नाही: वर आल्यावर आपली जागा दाखवणारा फुगवायचा लांब नारिंगी फुगा, ज्याला डाइव्हर सेफ्टी सॉसेज किंवा एसएमबी म्हणतात, आणि त्याची दोरीची रीळ. नुसती खिशात असून उपयोग नाही. पुण्या-मुंबईच्या तलावात पाच-सात वेळा सराव करा. रीळ मोकळी सोडलेली आहे का पाहा, दोरी स्वतःला किंवा बीसीडीला (अंगातल्या हवा भरायच्या जाकिटाला) बांधू नका, फुग्यात आधी थोडीशीच हवा सोडा, वर पाहा आणि मग सोडून द्या. वर जाता जाता ती हवा आपोआप फुगते. रीळ अडकली तर हातातून सोडायची, तिच्याबरोबर वर जायचं नाही. फुग्याशिवाय शिट्टी आणि एक छोटा आरसा. लाटांमध्ये तुमचं डोकं बोटीवरून नारळाएवढंही दिसत नाही, उन्हात चमकलेला आरसा मात्र फार लांबून दिसतो.

आता उडी. ड्रिफ्टमध्ये सगळ्यात जास्त गोंधळ होतो तो इथे, म्हणून हे जरा सविस्तर. कॅप्टन बोट कड्याच्या दक्षिणेला नेतो, पाण्याची ओढ आजमावतो आणि इंजिन न्यूट्रलला आणून खूण करतो. त्या क्षणापासून सगळ्यांनी काही सेकंदांत पाण्यात असलं पाहिजे. दादरला उतरायचं तर माटुंग्यालाच दाराशी यावं लागतं, तसं इथेही आधीच मागच्या फळीवर तयार उभं राहायचं. टाकीची चावी पूर्ण उघडी आहे ना, हे गेजवर नजर ठेवून चार श्वास घेऊन पाहायचं. काटा हलला तर चावी अर्धवट आहे. मास्क तोंडावर, कपाळावर नाही. कॉम्प्युटर चालू. कान बोटीवरच एकदा मोकळे करून घ्यायचे. सर्दी असेल तर त्या दिवशी बोटीवरच थांबायचं, कारण इथे कानासाठी दोरीला धरून थांबायची सोय नसते.

बऱ्याच बोटींवर बीसीडीतली हवा काढून उडी मारायला सांगतात, म्हणजे पाण्यात पडताच थेट खाली जाता येतं. वर तरंगत राहिलात तर पृष्ठभागावरचा वारा तुम्हाला एका बाजूला ढकलतो, खाली गेलेला गट दुसऱ्या वेगाने पुढे सरकतो, आणि दोन मिनिटांत अंतर हाताबाहेर जातं. अशी उडी पहिल्यांदाच मारणार असाल तर ते गाइडला आधी सांगा. तो तुम्हाला आपल्या लगेच मागे उभं करेल. कान दुखू लागला तर एक मीटर वर या, मोकळा करा, पुन्हा खाली जा. कान नाहीच सुटला तर वर येऊन फुगा उभारा, बोट घेऊन जाईल. घाई करून कानाचा पडदा फाडून घेण्याइतकी कुठलीच डाइव्ह मोलाची नाही.

गाइडच्या हातात रीळ असते आणि तिच्या टोकाला वर तरंगणारा लाल ध्वज, त्यावर पांढरा तिरका पट्टा. बोट या ध्वजाच्या मागे मागे येते. फ्लोरिडाच्या कायद्याप्रमाणे मोकळ्या समुद्रात डाइव्हरने ध्वजापासून ३०० फुटांच्या आत आणि खाडीच्या तोंडाशी १०० फुटांच्या आत राहायचं असतं. इतर बोटींनाही ध्वजापासून तेवढ्या अंतरात आल्यावर वेग अगदी कमी करावा लागतो. या किनाऱ्यावर मासेमारीच्या आणि हौशी लोकांच्या वेगवान बोटींची वर्दळ भयंकर आहे. ध्वज म्हणजे तुमच्या डोक्यावरचं छप्पर. एखादा सुंदर मासा पाहून त्या छपराबाहेर जाऊ नका.

खाली पोहोचलात की आधी काहीच करू नका. आडवे व्हा, श्वास लांब करा आणि कडा बाजूने सरकू द्या. ओढ एक नॉट असेल तर मिनिटाला साधारण ३० मीटर, म्हणजे चाळीस मिनिटांत सव्वा किलोमीटर कडा तुमच्यासमोरून जातो. त्यावरून मागे राहिलेली गोष्ट मागेच का सोडायची, ते कळेल. ओढ दुप्पट झाली की तिच्याविरुद्ध पोहणाऱ्याच्या अंगावरचा जोर चौपट होतो. उलट पोहून कासवापर्यंत जाण्याच्या नादात पाच मिनिटांत २० बार हवा जाते आणि कासव काही भेटत नाही. त्यापेक्षा नजर नेहमी पुढे दहा-पंधरा मीटर ठेवा. पुढे कपार दिसली, तिच्यात सावली हलताना दिसली, तर तिथे पोहोचायच्या आधीच प्रवाहाला आडवं, तिरकं पोहत कड्याजवळ सरका आणि थोडं खाली जा.

थोडं खाली जाण्यातच खरी मेख आहे. तळाला घासून वाहणारं पाणी मंद होतं आणि कड्याच्या आडोशाला तर ते कधीकधी जवळजवळ थांबतं. माथ्यावर वेगाने वाहत असलेला माणूस दोन मीटर खाली कड्याच्या पोटाशी आला की त्याला निवांत थांबता येतं. तेव्हा वेग हवा असेल तर जरा वर आणि थांबायचं असेल तर जरा खाली. सगळं श्वासावर आणि बीसीडीतल्या चिमूटभर हवेवर. खडकाला धरायचं नाही. अगदीच गरज पडली तर मोकळ्या, काही न उगवलेल्या खडकावर एक बोट टेकवा. गुडघे टेकणं, स्पंजला धरून फोटो काढणं, फिन्सने वाळू उडवणं, यांना इथे क्षमा नसावी. शेकडो वर्षं वाढलेला स्पंज एका लाथेने तुटतो. शिवाय कपारीत हात घालण्याआधी लक्षात ठेवा, विषारी काट्यांचे लायनफिश अशाच सावलीत उलटे लटकलेले असतात. मूळचे हिंदी-प्रशांत महासागरातले हे मासे फ्लोरिडाच्या पाण्यात १९८५ पासून दिसत आहेत आणि तिथल्या छोट्या माशांचा फडशा पाडत आहेत.

कड्याच्या आडोशाला थांबता आलं की काय दिसतं! एकदा कपारीखाली डोकं खुपसून पडलेलं लॉगरहेड कासव मला हाताच्या अंतरावरून पाहता आलं. पाठीवर बार्नकलचे पांढरे खडे, मधे शेवाळाचे पुंजके, त्यांच्यात एक छोटा खेकडा. जाड, पिवळट मानेला सुरकुत्या. डोळा अर्धवट उघडा होता, त्याने एकदा पाहिलं आणि मिटून घेतला. थोड्या अंतरावर एक हॉक्सबिल कासव चोचीसारख्या तोंडाने स्पंज फाडत होतं आणि दोन एंजलफिश त्याच्या गालाशी लागून उडणारे तुकडे टिपत होते. स्पंजची वरची साल घट्ट असते, माशांना ती सहज फोडता येत नाही. कासव ती फोडून देतं, म्हणून हे मासे त्याच्या मागे फिरतात. हे पाहायला पाठलाग लागत नाही. कासवाच्या आणि पृष्ठभागाच्या मध्ये कधीही येऊ नका, त्याला श्वास घ्यायला वर जायचं असतं. हात लावणं तर तिथे कायद्यानेच गुन्हा आहे.

ऑगस्ट ते ऑक्टोबरमध्ये ज्युपिटरच्या आसपास गोलियाथ ग्रुपर प्रजननासाठी गोळा होतात. आपल्याकडच्या हेकरूच्या कुळातला हा मासा अडीच मीटरपर्यंत वाढतो आणि त्याचं वजन साडेतीनशे किलोच्या पुढे जाऊ शकतं. बेसुमार शिकारीमुळे तो संपत आला होता. १९९० मध्ये फ्लोरिडाने त्याच्या शिकारीवर बंदी घातली, तेव्हा कुठे तो हळूहळू परतला. तो त्रासला की स्नायूंनी पोटातल्या हवेच्या पिशवीवर ठोका मारतो, आणि तो दणका कानांआधी छातीला जाणवतो. तसा दणका बसला की तुम्ही फार जवळ गेला आहात असं समजून बाजूला व्हा. हिवाळ्यात, साधारण डिसेंबर ते मार्च, खोल कड्यांवर लेमन शार्क जमतात. ते शांत असतात, माणसांत त्यांना रस नसतो. पण त्याच पाण्यात काही डाइव्हर भाल्याने मासे मारतात आणि जखमी माशाभोवती शार्कची वागणूक बदलते. म्हणून बुकिंग करतानाच विचारा, त्या फेरीला शिकारी आहेत का? असतील तर दुसरी फेरी घ्या. जुलैअखेरचे शेवंडांच्या छोट्या हंगामाचे दोन दिवसही टाळा, समुद्र बोटींनी आणि नवशिक्यांनी भरलेला असतो.

गटापासून सुटलातच तर एक मिनिट आजूबाजूला आणि वर, बुडबुड्यांसाठी पाहा. कोणी दिसलं नाही तर शोधत फिरू नका. प्रवाह तुम्हाला आणि त्यांना साधारण एकाच दिशेने नेत असतो, तेव्हा घाबरण्यासारखं काही नाही, मात्र उशीर केला तर अंतर वाढत जातं. फुगा सोडा, मिनिटाला ९ मीटरपेक्षा जास्त वेग न ठेवता वर या, आणि हवा पुरेशी असेल तर पाच मीटरवर तीन मिनिटं थांबा. थांबताना खालचा कडा दिसेनासा होतो, आजूबाजूला फक्त निळं पाणी उरतं आणि आपण स्थिर आहोत असा भास होतो. तेव्हा नजर कॉम्प्युटरच्या आकड्यावर आणि आपल्या दोरीवर ठेवायची. गटाबरोबर असलात तरी ७० बारला गाइडला खूण करा आणि ५० बार शिल्लक ठेवून पृष्ठभागावर पोहोचा.

वर आल्यावर डाइव्ह संपली असं समजून मास्क काढणारे मला काळजीत टाकतात. बीसीडी पूर्ण फुगवा, मास्क आणि रेग्युलेटर तोंडावर असू द्या, हात डोक्यावर धरून मोठी ओके खूण करा. बोटीकडे पोहत जायचं नाही, बोट आपल्याकडे येते. कॅप्टनने सांगेपर्यंत मागच्या बाजूला फिरकायचं नाही, तिथे पंखा असतो. बोटीमागे सोडलेली दोरी पकडायची, एका वेळी एकानेच शिडीवर चढायचं, आणि दुसऱ्याने त्याच्या खाली थांबायचं नाही. लाटेवर शिडी हिसका देते, अंगावर टाकी असते, तेव्हा पडणारा माणूस खालच्याच्या डोक्यावर येतो. दोरी किंवा शिडी हाताशी लागेपर्यंत फिन्स पायातून काढू नका.

हवामानाचं एक गणित आधीच समजून घ्या. प्रवाह उत्तरेकडे जातो, त्यामुळे उत्तरेचा वारा सुटला की लाटा उभ्या आणि टोकदार होतात. हिवाळ्यात थंडीची लाट येऊन गेली की दोन-तीन दिवस बोटी निघत नाहीत. ज्युपिटरच्या खाडीचं तोंड तर अशा वेळी धोक्याचंच. म्हणून हिवाळ्यात जाणार असाल तर हातात मोकळे दिवस ठेवा. मे ते ऑगस्ट समुद्र बराच शांत असतो, पाणी २८-२९ अंशांपर्यंत जातं आणि कासवं भरपूर असतात. वादळांचा हंगाम १ जूनपासून नोव्हेंबरअखेरपर्यंत चालतो, त्यातही ऑगस्टनंतर अंदाजावर लक्ष ठेवावं. पहिल्या ड्रिफ्टसाठी मी जून सुचवेन. नांगर न टाकलेली बोट सतत डोलत असते, तेव्हा ज्यांना बोट लागते त्यांनी गोळी आदल्या रात्री आणि सकाळी पुन्हा घ्यावी, अर्थात डॉक्टरला विचारून. सकाळी तेलकट खाऊ नये आणि रिकाम्या पोटीही जाऊ नये.

शेवटचा मुद्दा विमानाचा. लागोपाठ डाइव्ह केल्यावर किमान १८ तास विमानात बसायचं नाही. तेव्हा परतीच्या आधीचा दिवस कोरडा ठेवा. तो वाया जात नाही. जुनो बीचला लॉगरहेड मरीनलाइफ सेंटर आहे, जखमी कासवांचं रुग्णालय. बोटीच्या पंख्याने कवच फुटलेली, मासेमारीच्या दोरात अडकलेली कासवं तिथे टाक्यांमध्ये उपचार घेताना दिसतात, प्रत्येकापुढे त्याची केस लिहिलेली असते. कड्याखाली निवांत पाहिलेल्या कासवावर काय काय बेतू शकतं, ते तिथे कळतं. समोरच्याच किनाऱ्यावर लॉगरहेड मोठ्या संख्येने अंडी घालायला येतात. वेळास-आंजर्ल्याला ऑलिव्ह रिडलेची पिल्लं समुद्रात जाताना ज्यांनी पाहिली असतील, त्यांना अंडी घालायला आलेली मादी पाहण्याची संधी इथे जून-जुलैच्या रात्री, परवानगी असलेल्या मार्गदर्शकांबरोबर मिळू शकते. त्या फेऱ्यांची नोंदणी भराभर संपते, म्हणून बोटीचं बुकिंग कराल तेव्हाच तीही करून टाका.